गाडी किती वाजता सोडली, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात ९ ट्रक, ११ पिकअप, ४ कार आणि मार्केटिंगच्या मुलांच्या मोटारसायकली आहेत. चार महिन्यांत दोन मोठे अपघात झाले. एक ट्रक पहाटे पारोळ्याजवळ उभ्या ट्रॉलीला मागून धडकला आणि एक पिकअप लळिंग घाट उतरताना उलटली. माणसं वाचली, पण दोघेही ड्रायव्हर महिनोन्‌महिने घरी आहेत. मालक म्हणतात, सगळ्या गाड्यांना जीपीएस आणि कॅमेरे लावा, त्या दोघांना काढा आणि बाकीच्यांना एक दिवसाचं ट्रेनिंग द्या. वाहतूक सांभाळणाऱ्या तरुण व्यवस्थापकाने विचारलंय, सुरुवात कशापासून करू?

भाऊ, सुरुवात गेटच्या रजिस्टरपासून करा. कॅमेऱ्यांचं कोटेशन दोन दिवस बाजूला ठेवा, गेल्या सहा महिन्यांचं रजिस्टर घेऊन बसा आणि प्रत्येक खेपेसमोर तीन वेळा लिहा. ड्रायव्हर गेटवर कधी आला, माल भरून कधी झाला आणि गाडी कधी सुटली. त्या दोन अपघातांपुढे चौथी वेळही लिहा, त्या दिवशी तो सकाळी कधी उठला होता. ही वेळ रजिस्टरमध्ये नसते, त्यालाच विचारावी लागेल. माझा अंदाज आहे की पारोळ्याच्या अपघाताचं निम्मं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ च्या मे महिन्यात मी धुळ्यातल्या एका कंपनीत ट्रान्सपोर्ट बघत होतो. आमचा एक ड्रायव्हर सुरतहून सकाळी अकराला परत आला. घरी जाऊन झोप म्हटलं. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर ४४ अंश, घरात तीन पोरं आणि दुपारी लाइट नाही. तो काय झोपणार? संध्याकाळी सहाला तो भरतीला, म्हणजे गाडीत माल भरायला, हजर झाला. हमाल उशिरा आले, बिल्टीत, म्हणजे मालाच्या पावतीत, चूक निघाली, ताडपत्री-रस्सी होईपर्यंत रात्रीचे पावणेबारा वाजले. गाडी नागपूरला जायची होती. पहाटे चारनंतर मुक्ताईनगरच्या अलीकडे ती एका बंद पडलेल्या ट्रकवर मागून गेली. ड्रायव्हरचा पाय मोडला. कंडक्टर साइडला झोपलेलं क्लीनर पोरगं वाचलं नाही.

दवाखान्यात तो मला म्हणाला, "साहेब, डोया कव्हय लागना, मले समजनंच नही."

पोलिसांच्या कागदावर कारण लागलं ‘चालकाचा निष्काळजीपणा’. आमच्या फाइलमध्येही तेच. पण पावणेबाराच्या गेटपासवर सही माझी होती. आदल्या दिवशीपासून तो माणूस धड झोपलेला नाही, हे मला विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नव्हतं, कारण विचारायची पद्धतच नव्हती. गाडी भरली की सुटली पाहिजे, एवढीच पद्धत होती.

त्यानंतर मी झोपेबद्दल मिळेल ते वाचलं. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस साधारण तितकाच मंदावतो, जितका १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला, थेंबभरही न प्यालेला ड्रायव्हर रात्री अकराला गाडी घेऊन निघतो, तेव्हा त्याचे हातपाय कायद्याने पकडावं अशा अवस्थेत असतात. शिवाय शरीराचं घड्याळच असं आहे की रात्री दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळात झोप आतून ओढते. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत चार सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ६७ मीटर आंधळी जाते. तेवढ्यात ट्रॉली येते. काच खाली करणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, हे सगळं पाच-दहा मिनिटांचं औषध. खरं कामाला येतं ते गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं पडणं, आणि त्याआधी चहा घेतला तर आणखी बरं, कारण चहाचा अंमल उठायच्या सुमारास चढतो.

आता इथे एक गोष्ट बहुतेक कंपन्या चुकतात. वाट बघणं म्हणजे विश्रांती, असं आपण धरून चालतो. ड्रायव्हर दुपारी दोनपासून गेटवर बसलाय, म्हणजे ‘आराम करतोय’. अहो, तो लिंबाच्या सावलीत गमछा टाकून पडलाय खरा, पण दर पंधरा मिनिटांनी उठून आपला नंबर कितवा ते बघतोय. केळीवाल्यांच्या गाड्यांत हे रावेर-सावद्याला वर्षानुवर्षं चालत आलंय. दिवसभर बागेत घड उतरतात, रात्री गाडी भरते आणि लांबची मंडी गाठायला ड्रायव्हर त्याच रात्री निघतो. त्याचं चाक फिरलेलं नसतं, पण त्याचा दिवस केव्हाच सुरू झालेला असतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे सूत्र घालून दिलं, तेही नुसतं स्टीअरिंगवरचे तास मोजून नव्हे. तुम्ही निदान मनाशी तरी तास तसे मोजा.

करायचं काय? तुमच्याकडे भरती कारखान्यातच होते, म्हणजे घड्याळ तुमच्या हातात आहे. लांबच्या गाड्या सकाळी भरून दुपारपर्यंत सोडता येतात का बघा. भरती रात्री दहानंतर संपली तर गाडी पहाटे पाचला सुटेल, असा नियम मालकांच्या सहीने लावा. आवारात एक खोली द्या. चार खाटा, कूलर, मच्छरदाणी, अंघोळीला पाणी, आणि दाराला आतून कडी. कडी महत्त्वाची आहे, नाहीतर सुपरवायझर दर तासाला उठवायला येतो. गेटपासवर एक ओळ वाढवा, ‘गेल्या २४ तासांत किती झोप झाली’. सहा तासांच्या खाली उत्तर आलं तर गाडी थांबेल आणि त्याचा भत्ता कापला जाणार नाही. भत्ता कापणार असाल तर ही ओळ छापूच नका, सगळे आठच लिहितील.

भत्त्यावरून पैशावर येतो. तुमच्या ड्रायव्हरांना पगार महिन्याचा आहे की खेपेवर? खेपेवर असेल आणि वर उशिराचा दंड असेल, तर भिंतीवर ‘हळू चालवा, घरी कोणी वाट पाहतंय’ लिहून काही होणार नाही. तुम्ही एका हाताने त्याला पळवताय आणि दुसऱ्या हाताने थांबवताय, तो पैशाचं ऐकणार. मूळ पगार घर चालेल इतका असावा आणि खेपेचा हिशोब वरचा, असं माझं मत. मालकांना हे पटवणं अवघड जातं, कबूल. त्यांच्यासमोर पारोळ्याच्या अपघाताचा पूर्ण खर्च मांडा. विम्याने दिलेला नव्हे, विम्याने न दिलेला. गाडी उभी राहिलेले दिवस, फुटलेला माल, भाड्याने घेतलेल्या गाड्या, पोलीस-कोर्टाच्या फेऱ्या आणि पुढच्या वर्षीचा हप्ता.

लळिंगच्या पिकअपबद्दल मला एक शंका आहे, खरी-खोटी तुम्ही तपासा. तुमच्याकडे डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस आहे का? असेल तर ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करत असणार. लळिंगला करतात, शिरपूरच्या पुढे बिजासन घाटातही करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापतात आणि तापलेला लायनर धरत नाही. हवेचे ब्रेक असतील तर सारखा पाय मारून हवाही उतरते. मग खालच्या वळणावर ‘ब्रेक फेल’ होतो. खरं म्हणजे तो वर, न्यूट्रल केलं तिथेच गेलेला असतो. गंमत अशी की नव्या कॉमन रेल इंजिनात गिअर टाकून पाय काढला की डिझेल जाणं बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळत राहतं. म्हणजे बचत म्हणून जे करतात त्यात बचतही नाही. हे मी ड्रायव्हरांना तोंडी सांगून थकलो. शेवटी दोघा जुन्या ड्रायव्हरांना एकच घाट दोन्ही पद्धतींनी उतरवून हातांनी ब्रेकच्या ड्रमची धग बघायला लावली, तेव्हा पटलं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या लोकांचं सांगणं अजून खरं आहे. ॲव्हरेजचं बक्षीस बंद करा, किंवा निदान घाटाच्या लाइनवरचं तरी.

जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला काय झालं ते खान्देशात कोणाला सांगायला नको. मुंबई-आग्रा रस्त्यावर ब्रेक न लागलेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. ती गाडी तुमची नव्हती, पण त्याच उतारावरून तुमचे पाइप इंदूरला जातात.

पाइपचं म्हणाल तर तुमचा माल वजनाला हलका आणि आकाराला मोठा. ओव्हरलोडपेक्षा तुमची अडचण मागे लोंबणारी लांबी आणि पुढे सरकणं ही आहे. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सुताची रस्सी त्यावर धरत नाही, जोराचा ब्रेक लागला की मोळीतला मधला पाइप भाल्यासारखा केबिनकडे येतो. केबिनच्या मागे लोखंडी जाळी पक्की करा आणि रस्सीऐवजी रॅचेटचे पट्टे वापरा. बॉडीबाहेर गेलेल्या मालाला २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा विचार करा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर तो पाइप असतो. आणि मालावर माणूस बसवू नका, एकही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईची गाडी उलटली, तिच्यावर मजूर बसलेले होते. किमान पंधरा माणसं एका रात्रीत गेली, त्यात बायका-पोरं होती. ‘पुढच्या फाट्यापर्यंतच तर जायचंय’ म्हणून बसवलेला हमालसुद्धा यात आला.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की ड्रायव्हर टायरमधली हवा कमी करतात, गरम होऊन फुटेल म्हणून. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, जास्त तापते आणि तीच फुटते. हवा सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याला भरा आणि तापलेल्या टायरमधून काढू नका. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. नवी गाडी घ्याल तेव्हा तिचा एसी चालतो की ‘डिझेल खातो’ म्हणून बंद ठेवायला सांगितलंय, तेवढं बघा.

आता जीपीएस आणि कॅमेरे. मी त्यांच्या विरोधात नाही, माझ्या शेवटच्या नोकरीत मीच बसवले. पण पहिल्या महिन्यात आम्ही एक घोडचूक केली. रोज सकाळी वेगाची यादी नोटीस बोर्डावर लावायला लागलो. पंधरा दिवसांत तीन डब्यांच्या वायरी ‘उंदरांनी’ कुरतडल्या. नंतर आम्ही नावं काढून टाकली आणि फक्त दोनच गोष्टी बघू लागलो. रात्री बारा ते पाच कोणती गाडी चालू होती आणि कोण चार तासांच्या वर न थांबता चालला. जोराचे ब्रेक आम्ही माणसावर मांडले नाहीत, नकाशावर मांडले. एकाच ठिकाणी पाच-सहा ड्रायव्हर कचकन ब्रेक मारत असतील तर खोट त्या जागेत आहे. दुभाजक तोडून केलेला रस्ता, शाळा, ढाब्यासमोर उभ्या गाड्या. तरसोद ते फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा डायव्हर्जन कधी कुठे सरकेल सांगता येत नसे. नकाशावरच्या त्या जागा आम्ही गेटवर फळ्यावर लिहायचो, ड्रायव्हर थांबून वाचायचे.

आणि जीपीएसचा सगळ्यात मोठा उपयोग मालकांना सांगा. आता त्यांना ‘कुठवर आला रे?’ म्हणून फोन करायची गरज नाही. मी एकदा एका आठवड्याचे कॉल मोजले होते. चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरला आलेले बहुतेक फोन ऑफिसचेच होते, त्यातही बरेच माझेच. ड्रायव्हर मालकाचा फोन टाळू शकत नाही. त्यामुळे ‘गाडी चालवताना मोबाइल नको’ हा नियम आधी ऑफिसला लागतो. गाडी हलत असेल तर फोन नाही, ती थांबलेली दिसली की करा. डिस्पॅचच्या माणसाने हा नियम मोडला तर त्याला विचारा, ड्रायव्हरला नको.

मोटारसायकलवरच्या मार्केटिंगच्या मुलांना तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलंय, तसं करू नका. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवर होते. तुमचा चोपडा-शिरपूर लाइनचा मुलगा दिवसाला सात दुकानं करतो आणि संध्याकाळी अंधारात तापीचा पूल ओलांडून परततो. त्याचं टार्गेट ठरवताना सूर्यास्त धरला होता का? हेल्मेट कंपनीने द्यायचं, चांगलं द्यायचं, आणि पाचनंतरचं शेवटचं दुकान उद्यावर टाकायची त्याला मुभा द्यायची. ट्रकच्या सीट बेल्टचीही हीच गत आहे. तो बहुधा गादीखाली दाबलेला असतो. एकदा सगळ्या गाड्यांत हात घालून बाहेर काढा.

एक दिवसाच्या ट्रेनिंगबद्दल. घ्या हवं तर, पण त्यावर भिस्त ठेवू नका. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला सिग्नलचे रंग शिकवले की तो मागच्या बाकावर झोपतो, आणि ती त्याची दिवसातली सगळ्यात चांगली झोप असते. स्वीडनच्या टेलिफोन कंपनीत यावर एक प्रयोग झाला होता, १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ड्रायव्हरांचे गट पाडले. एका गटाला ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण, एकाला प्रचार-पत्रकं, एकाला बिनअपघाताचं बक्षीस आणि एका गटाला नुसतं आपसात बसून बोलायला लावलं. कुठे अडचण येते, आणि त्यावर मी स्वतः काय करणार. अपघात सगळ्यात जास्त घटले ते या बोलणाऱ्या गटात. मी वाचलं तेव्हा हसू आलं, कारण आपल्याकडे पारावर हेच चालतं, फक्त कोणी लिहून घेत नाही.

तर तुम्ही लिहून घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, दहा-बारा जण, तासभर, आणि त्या तासाचा भत्ता द्यायचा. विषय एकच, ‘थोडक्यात वाचलो’. आमच्याकडे अशा बैठकीत निघालेली एक गोष्ट सांगतो. गाडी बंद पडली की आपण मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतो, आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच सोडून जातो. एका ड्रायव्हरने सांगितलं, मी दुसऱ्याच्या दगडावरून मरता मरता वाचलो. त्यांनीच ठरवलं की लाल त्रिकोण सीटखाली नको, दारामागे हाताशी ठेवायचा, तो शंभर पावलं मागे नेऊन मांडायचा आणि दगड ठेवलाच तर उचलून घेऊन जायचा. हा नियम मी केला असता तर कोणी पाळला नसता. दुसऱ्या एका बैठकीत एक क्लीनर सहज बोलून गेला, आमचा उस्ताद झोपेत इतका घोरतो की मध्येच श्वास थांबतो. त्या ड्रायव्हरला तपासायला पाठवलं. त्याला खरोखर झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. रात्रभर पडूनही तो झोपलेला नसायचा. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांचे डोळे आणि साखर वर्षातून एकदा बघून घ्या, पण चष्मा लागला म्हणून कोणाची गाडी काढून घेतली असं एकदाही होऊ देऊ नका. झालं तर पुढच्या वर्षी कोणी खरं सांगणार नाही.

अपघातानंतर काय करायचं तेही बैठकीत बोलून ठेवा. ड्रायव्हर पळतो तो बहुधा जमावाच्या भीतीने. अपघात करून पळणाऱ्यांच्या नव्या शिक्षेविरुद्ध ट्रक ड्रायव्हरांनी केलेला जानेवारी २०२४ चा संप सगळ्यांना आठवत असेल, त्यामागेही हीच भीती होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला मदत करणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, पण जमाव खवळलेला असेल तर त्याची अडचण त्याच कलमात मान्य केली आहे. त्याला एवढंच पाठ करून द्या. १०८ ला फोन, मग जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर, मग कंपनीला फोन. आणि कंपनीचा माणूस दोन तासांत ठाण्यात पोचेल, हे वचन तुम्ही द्या. ज्या कंपनीचा माणूस पोचतो तिचा ड्रायव्हर सहसा पळत नाही.

राहिले ते दोघे. त्यांना काढू नका. न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नको असं सांगूनही जो सोडतो किंवा पिऊन बसतो त्याला जरूर काढा, त्यात दयामाया नको. पण आधी त्या रजिस्टरातल्या तीन आणि उठण्याची चौथी, अशा चारही वेळा समोर मांडून बघा. पारोळ्याच्या ड्रायव्हरसमोर सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री अकरा, अकरा-वीस असे आकडे आले तर कोणाला काढणार? ते बरे होऊन आले की पहिल्या बैठकीत त्यांनाच बोलू द्या. पहिल्या दिवशी कोणी फारसं बोलणार नाही, सगळे चपलांकडे बघत बसतील. आमचंही तसंच झालं होतं. तिसरी बैठक आम्ही डिसेंबरात आवारातच भरताची केली. काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, सोबत मिरचीचा ठेचा. मालकांना मुद्दाम बोलावलं नाही. रात्री साडेनऊला उठायचं ठरलं होतं, अकरा वाजले तरी एक जण घाटातली आपली गोष्ट सांगतच होता. त्या रात्री एकही गाडी सोडायची नाही, एवढं मात्र मी आधीच ठरवून ठेवलं होतं.